थोरला आणि सोंड्या

तिने बटण दाबून धरलं तशी कॅमेऱ्याची सोंड हळूहळू बाहेर येत गेली, आणि रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर चढलेला रंगारी हां हां म्हणता तिच्या डोळ्यापुढे येऊन उभा राहिला. त्याच्या मिशीला लागलेला पांढरा रंगसुद्धा दिसत होता. ब्रश दातांत धरून तो मोकळ्या हाताने पाठ खाजवत होता. तिने फोटो काढला. कॅमेऱ्याने हूं की चूं केलं नाही.

"बघा," ती म्हणाली आणि मागचा पडदा सासऱ्यांसमोर धरला.

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं. मग आपल्या गळ्यातला जाडजूड काळा कॅमेरा उचलला, कोपर बरगडीला टेकवलं आणि त्याच टाकीवर रोखला. खटाक. त्या फोटोत टाकी होती, आभाळ होतं, आणि टाकीच्या कडेला मुंगीएवढा रंगारी होता.

"लोकांच्या मिशा मोजणं हा आपला धंदा नव्हे," ते म्हणाले, आणि दुकानाच्या पायरीवरून आत निघून गेले.

स्टुडिओचा जुना कॅमेरा मागच्या महिन्यात एका समारंभाच्या ऐन भरात मान टाकून बसला होता. कॅमेरेवाल्याने ओळखीखातर दोन कॅमेरे वापरून बघायला दिले होते. आज संध्याकाळी त्यातला एक ठेवायचा, दुसरा परत करायचा. एक होता डीएसएलआर: आत आरसा, मोठा सेन्सर, लेन्स हव्या तशा बदला. दुसरा सुपरझूम, ज्याला कॅमेरेवाला ब्रिज म्हणत होता. त्याची लेन्स काढता येत नव्हती, पण नाकासमोरच्या फुलापासून गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत ती एकच पुरत होती. पहिल्याला सासऱ्यांनी आल्या दिवशीच थोरला म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्याला त्याच्या लांब होणाऱ्या लेन्सवरून सोंड्या असं नाव ठेवून ते मोकळे झाले.

शाळेचा बक्षीस समारंभ तोंडावर आला होता. स्टुडिओचं ते वर्षानुवर्षांचं काम. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या समारंभात दिव्यांचे स्टँड तिने उचलायचे आणि फोटो सासऱ्यांनी काढायचे, असं चालत आलं होतं. हात तिचाही आता बसला होता. सोंड्या हलका. तो ठेवला तर ती एकटी जाऊन, मागच्या रांगेत उभी राहून सगळं काम उरकू शकत होती. सासऱ्यांनी तसं तोंडाने म्हणूनही टाकलं होतं: सोंड्या ठेवलास तर तूच जा, मी दुकानात बसेन. दुकानात बसणं म्हणजे दिवसभर ओळखपत्राचे फोटो कापून पाकिटात घालणं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याने सकाळी कामावर जाताना, बुटाची नाडी बांधता बांधता, तुमचं तुम्ही ठरवा, मला पाचर करून मध्ये ठोकू नका, म्हणून अंग काढून घेतलं. सासूबाई म्हणाल्या, ठरवायचं काय त्यात, ह्यांनी ठरवलेलंच असणार. ह्यांचं हल्ली आपलंच घोडं पुढे.

आणि ते काही खोटं नव्हतं. हल्ली सासरे आपलं म्हणणं मांडायचे आणि उत्तराची वाट न बघता उठून जायचे. गिऱ्हाइकाने मागितला एक फोटो, तर हे दुसराच पुढे करायचे, वर त्यालाच चार शब्द सुनवायचे. पिकलं पान हेकट होतं, असं घरादाराने धरून चाललं होतं. तीही त्यातच आली.

तरी दोन्ही कॅमेऱ्यांना सारखा न्याय द्यायचा, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आत येऊन तिने खिडक्यांचे पडदे ओढले, एक दिवा ठेवला आणि गिऱ्हाइकांच्या वेताच्या खुर्चीचे फोटो दोन्हींनी काढले. सोंड्याच्या फोटोत सावलीच्या जागी रवा सांडल्यासारखे कण उठले होते. थोरल्याच्या फोटोत वेताची वीण न् वीण वेगळी दिसत होती. शाळेचं सभागृह असंच अंधारं. हे तिला आवडलं नाही, पण डोळ्यांना दिसलं ते दिसलं.

"आता तुम्ही याच्याने काढून बघा," असं म्हणून तिने सोंड्या सासऱ्यांच्या हातात दिला.

त्यांनी खुर्चीवर नेम धरला, बोट दाबलं, कॅमेरा उलटा करून पाहिला, परत दाबलं. परत. ती जवळ येऊन कॅमेऱ्याचा पडदा बघते तो एकाच खुर्चीचे फोटो ओळीने निघत चाललेले.

"बाबा, काय चाललंय? एवढ्या खुर्च्या कुणाला हव्यात?"

"हाताला काही लागतच नाही," सासरे म्हणाले. "निघाला की नाही निघाला, देव जाणे."

ती त्यांच्यासमोर येऊन म्हणाली की मागे फोटो दिसतो, तेवढं बघायचं. त्यावर ते म्हणाले की मंचावर पोर बक्षीस घेताना माणसाने पोराकडे बघायचं की आपल्या हातातल्या काचेकडे? तिला हे निमित्त वाटलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं ओठावर आलेलं तिने परत गिळलं, कारण सासऱ्यांना ते मुळीच लागू नव्हतं. नाचता त्यांना येत होतं. तिला त्यांनीच शिकवलं होतं.

राहता राहिली चेहऱ्याची परीक्षा. सासूबाईंचा हात आत कामात अडकलेला, म्हणून सासरे स्वतःच खुर्चीत बसले. काचेवर दिवा चमकतो म्हणून चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली. मग त्यांनी श्वास धरला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते असंच बसवायचे: श्वास धरा, खटका वाजला की सोडा. आणि स्वतः कधी समोर बसले, तर स्वतःचाही नियम तोच.

आधी सोंड्याची पाळी. तिने फोटो काढला. झालं, असं ती कॅमेऱ्याआडून म्हणाली. सासरे बसलेलेच. शेवटी तिने पुढे येऊन हात हलवला, तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"याच्यापुढे माणूस गुदमरून जायचा," ते म्हणाले. यात तथ्य होतं, म्हणून ती हसली.

मग तिने थोरला स्टँडवर चढवला, डोळा लावला, सासऱ्यांच्या डाव्या डोळ्यावर फोकस धरला आणि बोट दाबलं. खटाक. बंद खोलीत तो आवाज दाराची कडी पडावी तसा आला.

सासऱ्यांनी श्वास सोडला नाही.

तिने परत दाबलं. खटाक. ते लेन्सकडे बघत होते, शांतपणे, दुसऱ्यांना वाट बघायला शिकवण्यात ज्याचा जन्म गेला त्याने बघावं तसे. मानेवरची शीर मात्र वर येत चालली होती.

"बाबा," ती डोळा न काढता म्हणाली. मग जरा मोठ्याने म्हणाली. मग इतक्या मोठ्याने, की आतून सासूबाईंनी काय गं म्हणून विचारलं.

सासरे वाट बघत होते. बोटाला दुसरं काय करायला सांगावं हे न सुचून तिने आणखी एकदा दाबलं, आणि आणखी एकदा. मग चेहरा बाजूला काढून तिने मान हलवली.

सासऱ्यांनी श्वास सोडला आणि खिसा चाचपत उठले.

"बघ. एका दमात काम," ते म्हणाले. "थोरला तो थोरला." आणि तोंडावर पाणी मारायला आत गेले.

थोड्या वेळाने तिने थोरला स्टँडवरून उतरवला, दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि कशावरही न रोखता बटण दाबलं. आतला आरसा उडाला आणि तळव्यांत एक धक्का बसला, मुठीत धरलेलं पाखरू उसळी मारतं तसा. तिने डोळे मिटून परत दाबलं. धक्का परत आला. मग सोंड्या घेतला आणि त्याचंही बटण दाबलं. साबणाची वडी दाबावी तसं झालं.

प्रार्थनेच्या वेळी सासरे हल्ली सगळ्यात पुढे, ढोलवाल्याला खेटून बसतात. भक्ती वाढली म्हणून सासूबाई चारचौघांत त्यांचं कौतुक करतात.

तिने कॅमेऱ्यांतली कार्डं काढून संगणकाला लावली. पडद्यावर आधी सोंड्याने काढलेला एक चेहरा आला, मग थोरल्याने काढलेले, एका ओळीत. जास्तीचे पुसून टाकावेत म्हणून तिने हात पुढे केला, तेवढ्यात खुर्चीची पाठ जड झाली. सासरे मागे येऊन टेकले होते. चष्मा डोळ्यांवर होता.

ते बराच वेळ बघत राहिले. पहिला चेहरा, त्याच्या शेजारचा, त्याच्या शेजारचा.

"थोरल्याचे इतके का काढलेस?"

तिने खुर्ची पूर्ण फिरवली आणि त्यांच्याकडे तोंड केलं.

"तुम्ही हललात," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा करून म्हणाली.

सासऱ्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्या ओळीत पापणीच्या केसाचाही फरक नव्हता. एकावर एक ठेवले असते तर एकच चेहरा झाला असता.

"हो," ते म्हणाले. "हल्ली हलतो मी जरा."

बाहेर रंगारी टाकीवरून उतरून शिडी घडी करत होता. तिने फोन उचलला, भिंतीकडे तोंड करून कॅमेरेवाल्याला लावला आणि सांगितलं की सुपरझूम परत घेऊन जा. तो म्हणाला, अहो ताई, तुम्हाला तर तोच हवा होता ना, परवा माझं डोकं खाल्लंत त्याच्यासाठी. तिने सांगितलं की अंधारात फोटोला कण येतात, आमच्या कामाला चालणार नाही. बाकी काही सांगितलं नाही. कॅमेरेवाल्याने दोनदा विचारलं, दोनदा तिने कणच सांगितले.

ती वळली तेव्हा सोंड्या आपल्या खोक्यात गेला होता, सोंड आत ओढलेली, वर झाकण बसवलेलं. फोनवर काय ठरलं हे सासऱ्यांनी विचारलं नाही. ते थोरल्याला मांडीवर घेऊन, मान खाली घालून, त्याच्या पट्ट्याचं बक्कल ओढत होते. बक्कल नवं होतं, सरकत नव्हतं. नखाने रेटून रेटून त्यांनी पट्टा चांगला वीतभर आखूड केला. त्यांच्या गळ्यात आता तो कॅमेरा छातीवरच अडकला असता.

"इकडे ये," ते खाली बघूनच म्हणाले. "माप घेऊ दे."