हात पसरून घेतलेलं माप

आमच्या घरात दोन अतिसभ्य माणसं आहेत, एक माझे वडील आणि दुसरा माझा नवरा. दोघांनी मिळून माझ्या नाकी नऊ आणलेत.

आई गेल्यावर बाबा दोन वर्षं एकटे राहिले. शेवटी मी हट्टालाच पेटले आणि त्यांना आमच्याकडे आणलं. एक बॅग आणि पाण्याने भरलेला एक डबा घेऊन ते आले. डब्यात आईने अकरा वर्षं वाढवलेलं प्रवाळ होतं. नवऱ्यालाही खाऱ्या पाण्याच्या टाकीचं वेड. त्याचं एक लाडकं प्रवाळ आधीपासून होतंच, सोनेरी टोकांचं, सारखं झुलणारं. दोन्ही महातापट. शेजारी कोणी आलं की डसलंच म्हणून समजा. आणि टाकी एकच.

टाकीत मधल्या दगडावर उजेड सगळ्यात छान. सासऱ्यांचा मान म्हणून नवऱ्याने आपलं प्रवाळ कडेला सरकवलं आणि आईचं मध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नि बाबांना राहवेना. जावयाच्या घरी येऊन जावयाचीच जागा अडवायची म्हणजे काय? त्यांनी त्याचंही पुन्हा मध्ये आणून ठेवलं. संध्याकाळी सुरू झालं, ‘असू द्या’, ‘राहू द्या’. एकजण आपलं सरकवायला गेला की दुसरा त्याचा हात धरायचा. जेवण गार होत होतं. माझा धंदा शिवणकामाचा, गळ्यात टेप होतीच. ती काचेला लावली, दोन्हींच्या मध्ये चांगलं चार बोटं अंतर निघालं. पुष्कळ झालं म्हटलं, चला पानावर.

तिथेच मी चुकले. प्रवाळं दिवसा अंग चोरून बसतात. टाकीचा दिवा मालवला की त्यांचे तंतू बाहेर पडतात, वीतभर लांब, आणि पोचतील तिथे डंख मारतात. हात दुमडून उभ्या गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घ्यावं, तसं झालं माझं. या दोघांना हे सगळं ठाऊक होतं बरं का! पण ‘तुमचं हलवा’ म्हणणार कोण?

चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर नवऱ्याच्या प्रवाळाच्या दोन फांद्यांची तोंडं जळून आतला पांढरा सांगाडा उघडा पडलेला. ते आधीपासूनच मलूल होतं, असं त्याने बाबांना सांगितलं. धडधडीत खोटं. बाबा आत गेले आणि बॅगेची चेन लावल्याचा आवाज आला.

मी धावत गेले. आमची मोठी खोली आम्ही त्यांना दिली होती आणि आम्ही हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होतो. तरी बॅगेतला एक सदरासुद्धा कपाटात गेलेला नव्हता.

“तुमचं नुकसान नको,” बाबा म्हणाले. “आम्ही दोघं आपल्या घरीच बरे.”

दोघं म्हणजे ते आणि आईचं प्रवाळ. हे परत गेले तर पुन्हा येणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. आणि मला रडू यायच्या आधी राग येतो.

बाह्या सरसावून मी टाकीत हात घातला. आईचं डाव्या टोकाला ठेवलं, नवऱ्याचं उजव्या टोकाला, मध्ये चांगलं हातभर अंतर. मग दोघांना समोर बसवलं आणि दटावलं की आता मान-बिन पुरे, ज्याला जे हवं ते तोंडाने मागा. आधी नवरा बोलला. सोफ्यावर झोपून त्याच्या पाठीचं पार भजं झालं होतं. मग बाबांची पाळी आली.

“तुमच्या खोलीत मला पाहुण्यासारखं वाटतं गं,” ते म्हणाले. “तुमच्या कपड्यांत माझे कुठे ठेवू? मला ती मागची छोटी खोली दे. दार लावून रेडिओ ऐकीन.”

मागची खोली म्हणजे माझी शिवणाची खोली. माझं मशीन, माझी खिडकी! ‘अहो, पण’ ओठांवर आलं होतं. नवरा गालातल्या गालात हसत होता. मी मशीनचं एक टोक धरलं, दुसरं त्याला धरायला लावलं.

दुपारपर्यंत मशीन हॉलच्या खिडकीपाशी बसलं. बाबांची बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली. खाट कुठे लावायची म्हणून मी टेप काढली, तर बाबांनी मला थांबवलं. खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी दोन्ही हात पसरले.

“हं,” ते म्हणाले, “आता घे माप.”