पट्टीखालचा डोंगर

आमचं राज्य फार मोठं आहे. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला उन्हाने तडकलेलं माळरान आणि मधे आडवा पसरलेला डोंगर. राजधानी मात्र अशा जागी आहे, जिथे वर्षभर हवा छान असते, म्हणून राज्याचं हवामान छान आहे असं तिथे सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटतं. शिक्षण खात्याने एकदा सर्व शाळांना रेनकोट पाठवले. माळरानावरच्या शाळेलाही. न्याय म्हणजे न्याय.

मी त्याच खात्यात भूगोल शिकवते. बाबा माळरानावरच्या गावात एकटे राहतात. घड्याळं दुरुस्त करतात. तिथली धूळ कुठल्याही घड्याळात शिरते, त्यामुळे धंद्याला कधी मरण नव्हतं. पण दोन वर्षांपासून त्यांचे डोळे चाललेत. स्क्रू दिसत नाही, मग बोटांनी चाचपतात, आणि सापडला नाही की शेजारणीच्या मांजराला दोष देतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आहे तेवढं दिसतंय तोवर त्यांच्याजवळ राहा."

म्हणून मी बाबांच्या गावी बदली मागितली. बदल्यांचा अधिकारी राजधानीत बसतो. त्याला सगळे पट्टीसाहेब म्हणतात, कारण टेबलावर फूटपट्टी आणि मागे भिंतभर नकाशा, एवढ्यावर त्याने हयात काढली. अर्ज फेटाळला गेला. बाबांचं गाव 'प्रतिकूल हवामान' या वर्गात मोडतं आणि तिथे फक्त शिक्षा म्हणून पाठवतात. स्वतःहून मागणारा माणूस नियमात बसत नाही.

"पण आई-वडील आजारी असतील तर जवळचं ठिकाण देता येतं," पट्टीसाहेब म्हणाले. त्यांनी बाबांच्या गावावर पट्टीचं टोक ठेवलं आणि डोळे बारीक केले. "हे घ्या. अर्ध्या इंचावर. मॅडम, संध्याकाळचा चहा वडिलांकडे घ्या."

त्या अर्ध्या इंचात डोंगर होता. नकाशात तो तपकिरी रंगाचा आहे, आणि रंगावरून पट्टी सहज सरकते.

मी रुजू झाले. ढग समुद्रावरून येतात, डोंगराला धडकतात आणि सगळं पाणी आमच्या बाजूला ओततात. पलीकडे बाबांच्या वाट्याला नुसता वारा. माझ्या खोलीत उशी ओली, खडू ओले, पुस्तकांना बुरशी. आणि बाबांकडे जायचं तर बसने खाली समुद्रापर्यंत, तिथून डोंगराच्या शेपटीला वळसा घालून पुन्हा वर. जायला दीड दिवस, यायला दीड दिवस. रविवार एकच असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी तिकीट काढून घालत होते.

"तिकडे पाऊस आहे का गं?" बाबांनी एकदा फोनवर विचारलं.

"आहे."

"डोंगरावर ढग दिसतात म्हणे. मला आता डोंगरच दिसत नाही."

त्या दिवशी मी वर्गातल्या मुलींना कामाला लावलं. कागदाचा लगदा करून आम्ही राज्याचा उठावाचा नकाशा बनवला. डोंगर चांगला वीतभर उंच. तो घेऊन मी राजधानीच्या बसमध्ये चढले.

"यात काय आहे?" कंडक्टरने विचारलं.

"आपलं राज्य."

"मग मांडीवर घ्या. वाटेत ठेवू नका."

वाटेत दमट हवेने समुद्रकिनारा मऊ पडला आणि उन्हाने माळरानाला भेगा गेल्या. मला दुरुस्तीची गरज वाटली नाही. डोंगर मात्र शाबूत होता. तो मी पट्टीसाहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, आता मोजा."

त्यांनी पट्टी ठेवली. ती डोंगराच्या माथ्यावर टेकली आणि लहान मुलांच्या सीसॉसारखी डुलू लागली. एक टोक दाबलं की दुसरं वर. साहेबांनी दोन-तीनदा प्रयत्न केला.

"हा डोंगर जरा बाजूला काढता येईल का?" त्यांनी विचारलं.

"मीही तेच म्हणते आहे."

मग त्यांनी फायलीची नाडी सोडली आणि रस्त्याप्रमाणे समुद्रापर्यंत नेऊन वळवून आणली. नाडी संपली, रस्ता संपला नाही. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांच्या डोळ्यांपुढे सगळ्या राज्यातल्या, आजवरच्या बदल्या उभ्या राहिल्या असाव्यात. नाडी खरी मानली तर हयात वाया. त्यांनी नाडी पुन्हा फायलीला बांधली, घट्ट.

आठवड्याने आदेश आला. मोजमापाच्या प्रस्थापित पद्धतीबद्दल अविश्वास निर्माण केल्याबद्दल मला शिक्षा म्हणून राज्यातल्या सर्वांत प्रतिकूल हवामानाच्या गावी पाठवण्यात येत होतं. बाबांच्या गावी. माझा अर्ज याच माणसाने फेटाळला होता, पण साहेबांना गावं लक्षात राहत नाहीत, इंच राहतात. दुरून डोंगर साजरे, आणि राजधानीपासून तर सगळंच दूर.

मी ट्रंक घेऊन घरी पोचले तेव्हा बाबा उघड्या घड्याळावर वाकले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी भिंग लावून आदेशाचा कागद नाकाशी धरला, उलटा. मी तो हळूच काढून घेतला आणि वाचून दाखवला. शेवटी एक ओळ होती: लेखी माफी मागितल्यास शिक्षा रद्द होऊन पूर्वीच्या जागी परत पाठवण्यात येईल.

बाबांनी भिंग काढून ठेवलं. आता माफी मागायला लावणार, असं मला वाटलं. हा माणूस माझ्या लहानपणी, एका फुटलेल्या काचेपायी, मला दंडाला धरून अख्ख्या गल्लीत माफी मागत फिरवणारा. तत्त्व म्हणजे तत्त्व.

"चूक केलीस का तू?" त्यांनी विचारलं.

"साहेबांना डोंगर दाखवला."

"मग माफी मागायची नाही," बाबा म्हणाले. घड्याळाचं झाकण बंद करून पुन्हा म्हणाले, "आणि चूक केली असलीस तरी नाही मागायची."

मग त्यांनी हात पुढे केला. माझा हात टेबलावर समोरच होता, पण तो सापडायला त्यांना सगळं टेबल चाचपावं लागलं.