लाल फितीचा डबा

“ताई, माह्यं रगत एवढ्या थंडीत ठेवसान, तं त्याले सर्दी नाही होनार काय?”

वर्षालीचा तो आवाज तिचं रक्त घेणाऱ्या दीक्षाच्या कानातून कधी गेलाच नाही. सिकलसेलच्या आजारानं काडी झालेली पोर, पण सुई टोचतानाही हसत होती. पुढच्या श्रावणात ती गेली. अकोल्याच्या संशोधन केंद्रातल्या फ्रीझरात तिच्या रक्ताची इवलीशी कुपी तेवढी मागे राहिली.

तिची आई शकुन पातूरची, मोगऱ्याची वाडी राखणारी. दरसाल लेकीच्या तिथीला यष्टीनं यायची, फ्रीझरच्या दाराशी ओंजळभर फुलं ठेवायची आणि विचारायची, “बरी हाय ना माही पोरगी?”

“बरी आहे, मावशी.” दीक्षा म्हणायची, आणि ते खरंच असायचं.

“पन इथची लाइन गेली तं?” शकुननं एकदा विचारलं होतं. “आमी मोगऱ्याचं कलम बहिणीच्या वाडीतही लावून ठेवतो. आपली हीर आटली, तं तिथं जीव धरून राह्यते.”

“आमचंही तसंच ठरलंय, मावशी. प्रत्येकाचं अर्धं रक्त अमरावतीला ठेवणार.”

ठरलं होतं खरं. अमरावतीची खोली हिवाळ्यातच तयार झाली, अर्ध्या रक्ताच्या कुप्यांचा डबाही भरला. पण केंद्राचे प्रमुख धर्मपाल सर म्हणाले, “थांब ना पोरी, उद्घाटन होऊ दे. पहिला डबा पाहुण्याच्या हातानं ठेवू. फोटो झकास येईन.” पाहुण्याची तारीख काही मिळेना. दीक्षानं हौसेनं डब्याला लाल फीत बांधली आणि तो जुन्याच फ्रीझरात, जुन्याच कुप्यांच्या मांडीला मांडी लावून ठेवला.

वैशाखात, सुट्टीच्या दिवशी, ट्रान्सफॉर्मर जळाला. जनरेटर घरघरला नि गप्प झाला. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडलं, तर फ्रीझरातून पाणी पाझरत होतं. फितीचा रंग सुटून फरशीवर लाल ओघळ आला होता.

“लोकायले सांगू सावकाश,” सर म्हणाले. सावकाशीत श्रावण उजाडला.

शकुन आली. फ्रीझर पुन्हा घुमत होता, रिकाम्या पोटानं. तिनं फुलं ठेवली, ताप पाहावा तसा दारावर तळवा टेकवला.

“बरी हाय ना?”

“हो,” दीक्षाच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

शकुन हसली. “गावात म्हनून राह्यले, इथी लाइन गेली होती म्हने. काळजात धस्स झालं माह्या. मंग म्हटलं, काहून भेतं शकुने? अर्धी पोरगी तं अमरावतीले हाय. दीक्षाबाईनं सांगतलं हाय ना.”

एक होकार पुरे होता. शकुन सुखानं घरी गेली असती, आणि पुढच्या श्रावणातही फुलं घेऊन आली असती, ह्याच पोकळ दारापाशी.

दीक्षानं वाकून फुलं उचलली. एकही खाली सांडू न देता ती शकुनच्या पदरात घातली. केंद्रातली शुद्ध बोली कुठल्या कुठं गेली.

“मावशी, डबा अमरावतीले गेलाच नाही. फीत बांधून मीनंच इथी ठेवला होता. वर्षालीचं काहीच राह्यलं नाही वं, मावशी.”