कॅरिअर नसलेली सायकल

रविवारी सकाळी आठ सायकली माझ्या अंगणात आडव्या पडल्या. आडव्याच, कारण एकीलाही स्टँड नाही. घंटी नाही, मडगार्ड नाही. टायर मात्र असे रुंद, की मोटारसायकलीने बाजूला सरावं. लाखाच्या घरात जातात म्हणे अशा सायकली. आणि एवढी महागाची वस्तू घेऊन चालवायची कुठं, तर आमच्या नदीकाठच्या खडीवर. चांगली डांबरी सडक सोडून, मुद्दाम.

मी पाणी दिलं, चहा दिला. दारात आलेल्याला तोंडाने चार शब्द सुनावीन, पण कोरडं पाठवणार नाही. शिवाय त्यांच्यात माझी नात होती, सोनू, महेशची मुलगी. शिरगावला राहते, कॉलेजात शिकते. शिकवण्या घेऊन, पैसे जमवून तिनं उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून तसलीच एक जुनी सायकल आणलेली.

त्यांचा म्होरक्या विक्रांत. बदलापूरचाच, कुठल्या ऑफिसात कामाला. बोलायला गोड.

"आजी, तुम्ही स्वर्गात राहता हो," तो म्हणाला. "एका बाजूला नदी, एका बाजूला जंगल, आणि सगळं सपाट. असा ट्रेल आख्ख्या जिल्ह्यात नाही."

"स्वर्गात जायला माणसाला खांदा लागतो, बाबा," मी म्हटलं.

सगळे हसले. मी हसले नव्हते.

वाडीपासून सडकेपर्यंत अडीच किलोमीटर वाट आहे. आधी नदीच्या कडेने, मग सागाच्या झाडीतून. सपाट आहे, खोटं कशाला बोलू? पण मधे दोन वहाळ, म्हणजे ओढे, लागतात, आणि रिक्षा तिथं अडकते. आमच्या मालकांची, महिपतींची, किडनी गेली त्याला चार वर्षं झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार उल्हासनगरला मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागतं. महेशला अंबरनाथच्या कारखान्यात पाळ्या. सुट्टी मिळाली तर तो मोटारसायकलवर नेतो. नाहीतर मी. यांचा हात माझ्या उजव्या खांद्यावर, डाव्या खांद्याला डब्याची पिशवी, आणि सडकेवर रघु रिक्षा घेऊन उभा. महेश म्हणतो शिरगावला राहायला या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिथं काय मी यांना दोरीने ओढू?

रस्त्यासाठी अकरा वर्षांत तीन अर्ज केले मी. आता कुठं आमच्या वाटेचं नाव यादीत आलं होतं. पुढच्या रविवारी ग्रामसभेत हो की नाही ठरायचं होतं.

विक्रांतनं पाठीवरच्या पिशवीतून कागद काढला.

"आजी, काँक्रीट झालं की मागून डंपर येणार, फार्महाऊसवाले येणार. दीडशे झाडं जातील. आमचा विरोध आहे. वाडीतली माणसं म्हणतात, बनूबाईंची सही झाली की आमची झाली."

ते खोटं नव्हतं. ना झाडांचं, ना माझ्या सहीचं. मी कागद घेतला. शाळा माझी दुसरीपर्यंत, त्यामुळे वाचायला वेळ लागतो. पण अक्षर ओळखायला वेळ लागत नाही. गोल, टपोरं अक्षर, प्रत्येक ओळीचा शेवट थोडा वर चढलेला. मला सही करायला शिकवली ती याच हाताने. तेव्हा सोनू पाचवीत होती.

"अक्षर छान आहे," मी म्हटलं.

सोनूने चहाच्या कपातून मान वर केली नाही.

मला तिच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण पाहुण्यांसमोर घरातलं काढायची माझी रीत नाही.

"विक्रांत, उद्या सोमवार," मी म्हटलं. "सकाळी सातला ये. यांना सडकेपर्यंत पोचव तुझ्या त्या ट्रेलवरून. मग करते सही."

"आजी, अगं त्याला ऑफिस असतं!" सोनू बोलली.

"येतो," विक्रांत म्हणाला. एवढं त्याचं कौतुक करीन.

सोमवारी सातला विक्रांत आणि सोनू दोघंही आले. मी यांना स्वेटर, मफलर घालून बाहेर आणलं.

"बसव मागं."

विक्रांतनं सायकलीच्या मागं बघितलं. मागं नुसतं चाक.

"आजी, याला... कॅरिअर नसतं."

"मग दुसरं माणूस कुठं बसतं?"

"एकट्यानेच चालवायची असते."

"लाखाची सायकल," मी म्हटलं, "आणि एका म्हाताऱ्याला नेता येत नाही."

तो कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात आमचे हे खांबाला टेकून बोलले, "मागं कशाला? मला सीटवर बसवा की."

सव्वीस वर्षं यांनी याच वाटेने सायकलवरून बदलापूरला दूध घातलंय. दोन्ही अंगाला दोन बरण्या, आणि पाऊस असो, थंडी असो, पहाटे घंटी वाजलीच पाहिजे. विक्रांतनं पान्याने सीट खाली केली. एका बाजूने तो, एका बाजूने सोनू, असं करून यांना चढवलं.

"ही मेंढ्याची शिंगं कशाला लावलीत रे?" यांनी वाकडं हँडल चाचपलं.

"धरायला, आजोबा."

"मग सरळ का नाही धरत?" पण धरलं. घट्ट धरलं.

निघाली वरात, दोघं दोन्हीकडून सायकल धरून ढकलत. मी पिशवी घेऊन मागून. महेश नसताना खांद्यावर यांचा हात नाही, असं चार वर्षांत पहिल्यांदा झालं. ओझं होतं तोवर कळलं नव्हतं. खांदा मोकळा झाला आणि असा ठणकायला लागला, की डोळ्यांत पाणी आलं. पुढं हे बोलत होते. एरवी मशीनच्या दिवशी तोंडातून शब्द निघत नाही.

"इथं माझी आख्खी बरणी सांडली होती. बनू, आठवतं का?"

"आठवतं. शिव्या मी खाल्ल्या होत्या, सासूच्या."

"आजोबा, बॅलन्स भारी आहे तुमचा," विक्रांत म्हणाला.

"ही वाट आम्हीच पाडलीय पोरा. तू काल आलास."

पहिला वहाळ कोरडा, नुसते गोटे. तिथं यांना उतरवून उचलून न्यावं लागलं. दुसऱ्यात घोट्याइतकं पाणी. विक्रांतनं यांना पाठुंगळी घेतलं, तोल गेला, गुडघ्यावर आला, पण सोडलं नाही. पलीकडं दगडावर दहा मिनिटं दोघंही धापा टाकत बसले. सडकेला पोचायला दीड तास लागला. मी एकटी आणते तेव्हाही दीडच तास लागतो.

रघु रिक्षाला टेकून उभा होता. "काय बनूबाय, म्हाताऱ्याला परत घोड्यावर बसवला काय?"

"तुझं तोंड बंद कर आणि गाडी चालू कर," मी म्हटलं.

विक्रांत ओल्या बुटांनी तसाच ऑफिसला गेला. जाताना सहीचं विचारलं नाही. सोनू आमच्याबरोबर आली. पहिल्यांदाच. पाच तास बाकड्यावर बसली, यांचे थंड पडलेले पाय चोळले. परतताना वहाळातून यांचा एक हात तिच्या गळ्यात, एक माझ्या.

दिवेलागणीला घरी पोचलो. हे पडल्या पडल्या झोपले. सोनू चुलीशी येऊन बसली.

"आजोबा आज किती खूश होते, नाही?"

"होते."

"म्हणजे त्यांनाही ही वाट अशीच आवडते."

मी तवा खाली ठेवला.

"आवडणारच. ते चालतात कुठं? त्यांचं अर्धं चालणं मी चालते. तुझ्या कागदात झाडं आली, पाखरं आली. उद्या यांचंही लिहिशील, जुना दूधवाला सायकलवर कसा हसला ते. माझं कोण लिहिणार? मी दमलेय, सोनू."

हे शब्द मी महेशलाही कधी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर तोंड कडू झालं.

सोनूने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग उठली, पिशवीतून वही काढली. "सांग. लिहिते."

"काय?"

"तुझं."

मी सांगत गेले. "लिही, बनूबाई महिपती, वय सदुसष्ट. रस्ता पाहिजे. रिक्षा जाईल एवढाच. डंपर नको. साग तोडू नका, आमच्या वालाच्या शेतातून न्या. बांधालगतची पट्टी मी देते."

"आजी, वालाची जमीन? बाबांना विचारलंस?"

"तुझा बाप वाल खायला येतो, लावायला येत नाही. लिही."

"सभेत ऐकतील?"

"तीनदा नाही ऐकलं. या खेपेला अक्षर तरी बरं आहे."

मी सही केली. तिनं शिकवली तशी, सावकाश.

"आणि विक्रांतच्या कागदाचं?"

"त्यावर नाही करणार. त्यानं आपला शब्द पाळला, मी मोडला. सांग त्याला, बनूबाईनं आयुष्यात एकदा शब्द मोडला, तो तुझ्यापाशी."

हे सांगताना मान खाली गेली माझी. आजवर कुणापुढं गेली नव्हती.

बुधवारी महेशला सुट्टी होती. तो यांना मोटारसायकलवर घेऊन पुढं गेला. मागून डबा घेऊन जायला मी पिशवी भरून चपला घालत होते, तर सोनू दारात. सायकलीच्या मागं काळं लोखंडी कॅरिअर.

"कॅम्प दोनमधून बसवून आणलं," ती म्हणाली. "दुकानवाला हसत होता. म्हणे, बेटी, इस गाडी पे कॅरिअर? दूध बेचेगी क्या?"

"मग काय सांगितलंस?"

"आजीला बसवायचंय म्हटलं."

"तुझे ते सायकलवाले नावं ठेवतील."

"ठेवू देत. बस."

दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा बसले, दोन्ही पाय एका बाजूला, पिशवी मांडीवर. सुख होतं असं मी म्हणणार नाही. लोखंड टोचत होतं, दर गोट्याला माकडहाड वाजत होतं. सोनूचा श्वास मला तिच्या पाठीतून ऐकू येत होता. डाव्या हाताला नदी जात होती. इतकी वर्षं या वाटेने गेले, पण नजर कायम यांच्या पावलांवर. नदी आज बघितली.

पहिल्या वहाळाशी तिनं ब्रेक दाबला. "उतर, आजी."

उतरले. गोट्यांवरून ती सायकल ढकलत गेली, मी तिच्या खांद्याला धरून. पलीकडं जाऊन उभ्या राहिलो. दोघींनाही दम लागला होता. सभा रविवारी होती.

"बस," ती म्हणाली.

मी बसले. अजून एक वहाळ बाकी होता.