दंताईचा कोप

कळंबजवळच्या रस्त्याकडेला एक बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. दर मंगळवारी तिथं एवढी गर्दी लोटायला लागली होती, की उसाच्या ट्रॅक्टरला वाट मिळेना. जिथं कधीकाळी गुळाची काहील रटरटायची, तिथं आता भगवी सतरंजी अंथरलेली असायची आणि तिच्यावर शुभ्रानंद महाराज बसलेले असायचे. दात असे पांढरेशुभ्र, की महाराज हसले की पुढची पोरं डोळे मिचकावायची. पाठीमागच्या फ्लेक्सवर दंताई मातेचं चित्र. गेल्या दिवाळीपर्यंत या देवीचं नाव अख्ख्या इंदापूर तालुक्यात कुणी ऐकलं नव्हतं, पण फ्लेक्सवर 'जागृत' हा शब्द मात्र तीन ठिकाणी छापलेला होता.

त्या मंगळवारी गेणू नावाचा ट्रॅक्टर ड्रायव्हर गाल धरून पुढं आला. दाढेनं त्याचं खाणंपिणं बंद केलं होतं. महाराजांनी डबीतलं तपकिरी भस्म बोटावर घेऊन त्याच्या हिरडीला चोळलं आणि त्याला मोठ्यानं एकशेआठपर्यंत मोजायला लावलं. सत्तरीच्या घरात गेणू दोनदा चुकला, पण शंभरी गाठेपर्यंत त्याचा हात गालावरून खाली आला होता.

"गेला की ठणका," तो म्हणाला, आणि गुऱ्हाळात टाळ्यांचा पाऊस पडला.

महाराजांनी माईक जवळ ओढला. "दात म्हणजे काय, बाळांनो? देहाच्या मंदिराचे बत्तीस द्वारपाल. द्वारपालाला झोप लागली की रोग आत शिरतो. डॉक्टर काय करतो? द्वारपालालाच उपटतो. आई काय करते? द्वारपालाला जागं करते."

"जागा झाल्यावर च्या मागत आसंल," मागं बसलेली म्हाळसाबाई पुटपुटली.

शेजारच्या रतननं तिला कोपर मारलं. रतन महाराजांची पहिल्या दिवसापासूनची भक्त. सतरंजी अंथरायचा मान तिचा होता. म्हाळसाबाई मात्र सून ओढून आणते म्हणून आलेली. साठी उलटलेली बाई, पण जिभेला अजून धार होती, आणि देवाधर्माचं वावडं नसलं तरी देवाच्या दलालांशी तिचं कधी जमलं नव्हतं.

दाढदुखी थांबणं हा महाराजांचा छोटा चमत्कार. मोठा चमत्कार होता कोपाचा. भस्म एकदा लावायला घेतलं की रोज लावायचं, पूर्वेला तोंड करून, एकवीस वेळा नाव घेऊन. एक दिवस जरी चुकला तरी दंताई कोपते, असं महाराज सांगायचे, आणि ती खरोखरच कोपायची. दर मंगळवारी दोन-चार बायका उठून तशी साक्ष द्यायच्या.

त्या दिवशी साक्ष द्यायला उठली ती म्हाळसाबाईची सून, सोनम. ती माहेरी कोऱ्हाळ्याला गेली तेव्हा डबी घरीच राहिली होती. दुसऱ्या दिवशी डोकं फुटायला आलं, हात थरथरायला लागले, पोट साफ होईना. भावजयीनं साधं चहाला हाक मारली तर ती तिच्या अंगावर धावून गेली. शेवटी अर्ध्यावरच माहेरपण टाकून ती परत आली, चिमूटभर भस्म लावलं, आणि पाच मिनिटांत सगळं निवळलं. हे सांगताना सोनमच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं ती एक अक्षर बोलत नव्हती.

महाराजांनी डोळे मिटले. "तुम्ही आईला सोडलं तरी आई तुम्हाला सोडत नाही."

रतननं हात जोडले. म्हाळसाबाईनं जोडले नाहीत. ती सुनेकडं टक लावून बघत होती, कारण हा कोप तिच्या चांगल्या ओळखीचा होता.

लग्न होऊन आली तेव्हापासून पन्नाशीपर्यंत म्हाळसाबाईनं मिश्री लावली होती. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, चुरायची आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासायची. तिच्या पिढीतल्या निम्म्या बायकांचा दिवस त्याशिवाय उगवत नसे. मग एका शिबिरात डॉक्टरांनी तिच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला आणि आज सोडली नाही तर पुढं काय होईल ते स्पष्ट सांगितलं. तिनं घाबरून सोडली. त्यानंतरचे अकरा दिवस तिला अजून आठवत होते. डोकं, हात, पोट, राग. सोनमनं माईकवर जे जे सांगितलं ते सगळं, त्याच क्रमानं.

घरी आल्यावर सोनम जनावरांकडं गेली तशी म्हाळसाबाईनं देव्हाऱ्यातली डबी उघडली. कापराचा नि लवंगेचा वास भपकन आला. बोटाला लावून तिनं हिरडीवर फिरवलं. कापूर सरला, लवंग सरली, आणि त्यांच्याखालून जुनी मैत्रीण वर आली. बारा वर्षांनी. म्हाळसाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. दुसरी चिमूट घ्यावी असं इतकं वाटलं, की तिनं डबी झटकन मिटली आणि चुळा भरभरून तोंड धुतलं. पण भीती तिला स्वतःची वाटत नव्हती. सहा वर्षांची नात सुकन्या रोज सकाळी हेच भस्म लावून शाळेत जात होती.

सुकन्याची एक दाढ किडलेली. डॉक्टरकडं नको, उपटतात, म्हणून सोनमनं तिलाही दंताईच्या पायावर घातलं होतं. पहिल्या दिवशी पोरीला घेरी आली, उलटी झाली. तेव्हा महाराज म्हणाले होते, विष बाहेर पडतंय. आता दाढ दुखायची थांबली होती, पण तिच्यातलं काळं भोक वाढत चाललं होतं.

सुनेला सरळ सांगावं, तर ती ऐकणार नव्हती. सासूचा देवधर्माला विरोध, एवढंच तिनं धरलं असतं. म्हाळसाबाईनं मग दुसरी वाट धरली. बुधवारी पहाटे तिनं सोनमची आणि सुकन्याची अशा दोन्ही डब्या रिकाम्या केल्या आणि आतलं भस्म पुडीत बांधून लपवलं. चुलीतला कोळसा बारीक वाटला, त्यात तांबडी काव, कापूर आणि लवंगेची पूड मिसळली, वस्त्रगाळ केलं आणि भरून ठेवलं. रंग तोच, वास तोच.

सोनमनं बुधवारी पूर्वेला तोंड करून, एकवीस वेळा नाव घेऊन भस्म लावलं. गुरुवारीही. एक अक्षर चुकली नाही. पण गुरुवारी दुपारपर्यंत कपाळाला फडकं बांधून ती कोपऱ्यात बसली होती. भाकरी करपली, नवऱ्याला फोनवर वाट्टेल ते बोलून झालं. सुकन्या कारण नसताना भोकाड पसरत होती. संध्याकाळी सोनम देव्हाऱ्यापुढं डोकं टेकून रडायला लागली. काय चुकलं माझं, एवढंच विचारत होती.

म्हाळसाबाईनं तीन दिवस गप्प राहायचं ठरवलं होतं. पण ते रडणं तिला बघवेना. ती सुनेशेजारी बसली आणि सगळं सांगून टाकलं.

सोनम आधी पांढरीफटक पडली, मग लाल झाली. "आत्या, तुमी माझ्या देवाला फसवलंत?"

"तुला फसवलं, ते खरं हाय. त्याबद्दल मला शिव्या दे," म्हाळसाबाई म्हणाली. "पर एक सांग. तू नाव घेतलंस, दिवा लावलास, एक दिवस चुकवला न्हाईस. मग देवी कोपली कशानं? तिला तुझी भक्ती दिसली न्हाय, आन् डबीत तंबाखू न्हाय एवढं बरं कळलं?"

सोनम उठली आणि आत गेली. पण रात्रीच्या जेवणाला तिनं सासूला हाक मारली, आणि शुक्रवारी सकाळी सुकन्याला घेऊन दोघी इंदापूरच्या एसटीत बसल्या.

दातांच्या डॉक्टर रेश्मा तरुण होत्या, पण बोलायला मोकळ्या. त्यांनी पुडीतलं महाराजांचं भस्म बोटावर चोळलं, वास घेतला आणि वाटतेय तर तंबाखूच, पण खात्रीसाठी तपासणीला पाठवू, असं म्हणाल्या. दंतमंजनात तंबाखू घालायला कायद्यानंच बंदी आहे, हेही सांगितलं. मग त्यांनी आरसा धरून सोनमला लेकीची दाढ दाखवली. दाताच्या आतल्या नसेपर्यंत कीड पोचायच्या बेतात होती.

"दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं," त्या म्हणाल्या. "दुखणं म्हणजे दाताची हाक. या भस्मानं हाक मारणाऱ्याचं तोंड दाबलं, बाकी काही केलं नाही. आणखी दोन महिन्यांनी पोरीचा गाल सुजल्यावर आला असतात."

दाढ त्यांनी उपटली नाही. कीड कोरून काढली, सिमेंट भरलं. सुकन्या थोडं रडली आणि खुर्ची वर-खाली होते हे कळल्यावर उतरायला तयार होईना. जाताना डॉक्टरांनी मायलेकींना ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. सकाळी एकदा आणि झोपताना एकदा. झोपतानाचं तर चुकवायचंच नाही, कारण बिस्किटाचा लगदा रात्रभर दातांत बसतो आणि कीड त्याच्यावरच जगते. पोरीला पेस्ट वाटाण्याएवढी, आणि ती सात-आठ वर्षांची होईतो आईनं स्वतः घासून द्यायचं. सहा महिन्यांनी परत तोंड दाखवायचं, काही दुखत नसलं तरी. त्यात मंत्र एकही नव्हता. सोनमनं तीन वेळा विचारून घेतलं, एवढंच का म्हणून.

पुढच्या मंगळवारी गुऱ्हाळ पुन्हा भरलं. महाराजांनी साक्ष मागितली तेव्हा सोनम उठली. तिचं डोकं अजून ठणकत होतं. तिनं डबीची अदलाबदल, कोप, दाढ, सगळं जसं घडलं तसं माईकवर सांगितलं. कुजबूज सुरू झाली. महाराज मात्र कसलेले गडी. ते मंद हसले.

"आईची परीक्षा पाहिली तुझ्या सासूनं. मग आई कोपणार नाही तर काय?"

रतननं जोरात मान हलवली. गर्दीतले निम्मे लोक पुन्हा निवांत झाले. तेव्हा म्हाळसाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. आपली चूक झाली असेल, असं तिनं सगळ्यांसमोर कबूल केलं. फक्त एक इच्छा आहे म्हणाली. महाराज सतरा वर्षं हेच भस्म लावतात, म्हणून दात एवढे शुभ्र, असं ते स्वतःच सांगतात. तर आज चिमूटभर सगळ्यांसमोर लावावं, म्हणजे आम्हा पाप्यांना दर्शन घडेल.

महाराज म्हणाले, आपलं पहाटेच लावून झालं आहे. पण आता गोष्ट त्यांच्या हातात राहिली नव्हती. 'दर्शन' हा शब्द ऐकून भक्तच पुढं सरसावले. रतननं स्वतःच्या हातानं डबी उघडून पुढं धरली. इतक्या श्रद्धेला नाही म्हणायला महाराजांना तोंड उरलं नाही. त्यांनी चिमूट घेतली, हिरड्यांना लावली आणि हसले.

"आता मोजा की एकशेआठ. आमाला लावता तसं," गेणू म्हणाला. त्याची दाढ परवापासून दुप्पट ठणकत होती.

महाराज मोजायला लागले. तिसापर्यंत आवाज खणखणीत होता. चाळिशीत कपाळावर घाम आला. पन्नाशीत पहिली उचकी लागली. त्रेसष्ट म्हणताना त्यांनी खांब धरला, आणि सत्तरीच्या आत ते दंताईच्या फ्लेक्समागं धावले. पुढचं दिसलं नाही, पण हातातला माईक चालूच असल्यामुळं सगळ्यांनी ऐकलं.

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी बोळक्या तोंडानं म्हणाली, "लागली की गं महाराजांना."

आणि बायका हसायला लागल्या. नव्या नवरीनं पहिल्यांदा मिश्री लावली की असंच होतं, हे तिथल्या प्रत्येकीनं कुणाच्या ना कुणाच्या परसात पाहिलेलं होतं. "विष बाहेर पडतंय, महाराज," गेणू ओरडला. हसू पुरुषांच्या बाजूलाही पोचलं.

म्हाळसाबाई हसली नाही. सतरा वर्षं सोडा, या माणसानं सतरा दिवससुद्धा हे लावलेलं नाही, असं तिनं सांगितलं. लावलं असतं तर त्याला घेरी आली नसती आणि दात असे पांढरे राहिले नसते. दाढ बधिर होते ती तंबाखूनं आणि लवंगेनं. आणि डबी सुटली की डोकं फुटतं ते देवीनं नव्हे, तंबाखूची सवय लागलेलं अंग ती मागतं म्हणून. "देवीला काय काम न्हाय व्हय, तुमच्या हिरड्या मोजत बसायला?" तिनं विचारलं. "माजं सांगणं ऐकू नगा. घरी जावा, नाव घ्या, पूजा करा, फकस्त भस्म लावू नगा. दोन आठवडं कळ काढा. देवी आसंल तर कोप वाढंल, तंबाखू आसंल तर कोप सरंल. तुमचं तुमीच बघा."

तपासणीत तंबाखूच निघाली. सोनमनं आणि डॉक्टर रेश्मांनी पोलिसांत तक्रार दिली, आणि महाराज दुसऱ्या तालुक्यात द्वारपाल जागे करायला जाण्याआधीच सापडले.

महिन्याभरात डॉक्टरांनी गावात शिबिर घेतलं. आधी कुणी तोंड उघडायला तयार होईना. लाज वाटायची. सोनम पहिली बसली, मग रांग लागली. सगळ्यांनी भस्म सोडलं होतं असंही नाही. काहींनी महाराज सोडले आणि दुकानातली मिश्री धरली. रतन सगळ्यांत शेवटी आली. तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा सापडला. पुढची तपासणी झाली. कॅन्सर नव्हता, पण वाट त्याच गावाची होती.

रिपोर्ट घेऊन ती म्हाळसाबाईच्या ओट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "महाराज सोडला, ते सोपं गेलं. ही तंबाखू सुटंना. चार दिस झालं, जीव जातोय. माजंच काय पाप आसंल."

"पाप न्हाय, रतन. आजार हाय," म्हाळसाबाई म्हणाली. "पाप म्हनलं की मानूस म्हाराज हुडकत जातो. आजार म्हनलं की डाक्टर हुडकतो. उद्या सकाळच्या एसटीनं चल. मी येते संगं."