भावाच्या थडग्याचा दगड

यॉर्कशरमधल्या एका गावात विल्फ्रेड आणि सिरिल हे दोघे भाऊ चर्चसाठी दगड कोरायचे. दगडाची धूळ छातीत साचून १९७१ साली विल्फ्रेड गेला. सिरिललाही तोच खोकला लागला होता.

हॉस्पिटलमधले डॉक्टर पद्माकर एक्स-रे पाहून म्हणाले, "आता छिन्नी खाली ठेवा."

"भावाच्या थडग्याचा दगड तेवढा राहिलाय."

"दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."

"हाताने कोरणारं दुसरं कोण उरलंय, डॉक्टर?"

तोंडाला ओला रुमाल बांधून सिरिलने नाव कोरलं. तारखेपाशी त्याला इतकी धाप लागली, की बायकोने, एड्नाने, त्याच्या हातातली छिन्नी काढून घेतली.

त्याच हिवाळ्यात तोही गेला. एड्नाने कारखान्यातून गुळगुळीत काळा दगड मागवला आणि त्यावर यंत्राने दोघांची नावं घालून घेतली.