फलकावरचा पगार

देगलूरला घरी गेली की शिवांगीला कुणी ना कुणी पगार विचारायचंच, आणि ती दर वेळी पस्तीस हजार सांगायची. खरा पगार अकरा हजार होता.

नांदेडमधल्या एका वजन घटवण्याच्या केंद्रात ती आहारतज्ज्ञ म्हणून कामाला होती. पोषणशास्त्रात पाच वर्षं घालून एम.एस्सी. झालेली ही मुलगी दिवसभर करायची काय, तर आलेल्या माणसाचं वजन घ्यायचं, तक्ता भरायचा आणि वजन घटवायच्या पावडरचे डबे त्याच्या गळ्यात मारायचे. महिन्याला चाळीस डबे खपले नाहीत तर पगार कापला जाई. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता होता आठ हजार सातशे. उरलेल्या पैशात खोलीचं भाडंसुद्धा निघेना, म्हणून संध्याकाळी ती दोन घरी शिकवण्या घ्यायची. कर्जाच्या कागदावर तिच्या सहीशेजारी वडिलांची सही होती. भागवतअप्पा देगलूरच्या एका शाळेत शिपाई होते. पोरीचा विषय निघाला की त्यांची मान ताठ व्हायची. पहिल्या दिवाळीला चार माणसांत त्यांनी पगार विचारला, तेव्हा त्यांच्या तोंडाकडं बघून तिच्या तोंडून पस्तीस निघून गेलं. एकदा बोललेलं मग मागं घेता आलं नाही.

जूनमध्ये पदवी प्रमाणपत्र आणायला ती लातूरच्या आपल्या कॉलेजात गेली. फाटकाशी मोठा फलक लागला होता आणि फलकावर तिचाच फोटो होता, निरोप समारंभाच्या दिवशीचा. खाली लिहिलं होतं, ‘कु. शिवांगी, वार्षिक पॅकेज सहा लाख’. तिनं ते दोनदा वाचलं. मग ती तडक प्रवेश विभागाच्या अनय सरांकडं गेली.

सर जराही ओशाळले नाहीत. त्यांनी चहा मागवला, जाहिरातीत थोडं इकडंतिकडं होतंच असं हसत सांगितलं आणि वर तिलाच काम देऊ केलं. देगलूर भागातून मुली आणल्या तर एका प्रवेशामागं पंधरा हजार मिळतील, म्हणाले.

“तुमचे मामा तर कधीपासून आपलं काम करून राहिले,” ते सहज बोलून गेले. “पहिला प्रवेश तुमचाच होता त्यांचा. आता देगलूरच्याच एका मुलीचा सोमवारी करतायत. पुनम म्हणून आहे कुणी.”

शिवांगी चहा तसाच ठेवून उठली.

बारावीनंतर तिला बी.एड.कडं जायचं होतं. सिद्धराममामांनीच अप्पांना समजावलं होतं, की आता दवाखान्यात डॉक्टरच्या बरोबरीनं आहारवाली बसती, चाळीस हजारांच्या खाली कुणी घेत न्हाई. मामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. आई गेल्यापासून घरात त्यांचा शब्द शेवटचा. हॉस्टेलला जाताना नवी बॅग त्यांनीच घेऊन दिली होती आणि स्टँडवर डोळे पुसले होते. त्या मामांनी आपल्याला पंधरा हजारांना विकलं होतं!

लातूरहून देगलूरला घरी जाताना ती वाटेत मामांच्या गावी, उदगीरला उतरली. मामा आपल्या दुकानात होते. तिनं विचारलं तसं ते आधी गडबडले, मग चिडले. एवढी मोठी पदवी मिळाली ते कुणाला दिसत न्हाई, आणि पंधरा हजारातली बॅग तुलाच तर आणली होती, असं ते म्हणाले. शिवांगी तरी उभीच राहिली, तेव्हा त्यांनी वर्मावर बोट ठेवलं.

“मी पुनमच्या बापाला काय खोटं सांगितलं? तुझंच नाव घेतलं. पस्तीस हजार तूच गावभर सांगून राहिलीस ना? मग आता मला कशाला विचारतीस?”

पुनम म्हणजे शेजारच्या भुजंगकाकांची मुलगी, लहानपणी हिच्याच मागं मागं फिरलेली. प्रवेशासाठी काकांनी टेम्पो विकायला काढल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्याला काय करायचंय.

देगलूरला जायचं सोडून ती नांदेडची गाडी धरून परतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विनीता मॅडमच्या घरी गेली. मॅडम एका मोठ्या रुग्णालयातून आहारतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाल्या होत्या. शिवांगी त्यांच्या हाताखाली सहा महिने शिकली होती. मामांनी फसवलं, कॉलेजनं फसवलं, हे सांगताना तिला रडू आवरेना. मॅडमनी ते पुरतं ऐकून घेतलं.

“आणि पुनमला कोण फसवतंय?” त्यांनी विचारलं.

शिवांगीनं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, “खरं सांगितलं तर अप्पांची मान खाली जाईल, मॅडम.”

“माझं ऐक,” मॅडम म्हणाल्या. “मी चौदा वर्षं कंत्राटावर काढली. तुझ्यासारख्या कितीतरी मुली माझ्या हाताखालून गेल्या. किती मिळतं, असं त्या विचारायच्या आणि मी हसून विषय बदलायचे. कमी पगार सांगायची मला लाज वाटायची. आम्ही कुणीच आकडा सांगितला नाही, म्हणून हे लोक फलकावर वाटेल तो आकडा लिहू शकतात. विद्या खोटी नाही, शिवांगी. अंगावर पिणारं बाळ असलेल्या बाईला काय खायचं ते नीट सांगणं हे डॉक्टरच्या औषधाइतकंच मोलाचं आहे. पण कुठं शिकायचं, किती पैसे घालायचे आणि हातात काय येणार, हे मुलीला आधी कळायला नको? ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?”

त्याच दुपारी शिवांगी देगलूरला पोचली. बँकेचं पासबुक आणि पगाराची चिठ्ठी घेऊन ती अप्पांना म्हणाली, माझ्याबरोबर भुजंगकाकांकडं चला. काय आहे ते तिथंच सांगते.

काकांच्या ओट्यावर तिनं कागद पुढं ठेवले. महिना अकरा हजार, हप्ता आठ हजार सातशे, असं एकेक सांगितलं. फलकाचं सांगितलं आणि मामांचंही सांगितलं. पुनम दारात उभी राहून ऐकत होती. अप्पांनी पासबुक उचललं. चष्मा न लावताच ते बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

भुजंगकाकांना मात्र ते पटलं नाही. त्यांचा आवाज चढला. “तुझं झालं, आता माझ्या पोरीचं बघवंना व्हय? कालपर्यंत पस्तीस होते, आज अकरा कसे झाले?”

शिवांगीनं मान खाली घातली. त्या प्रश्नात चूक काहीच नव्हतं. तेवढ्यात अप्पा बोलले.

“भुजंगा, पोरगी दोन वर्षं माझ्यासंग खोटं बोलली. त्याचं मी बघीन. पण आता ती खरं बोलून राहिली. टेम्पो इकू नको.”

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, “कर्जावर माझी सही घेतलीस. मग तुझ्या उपाशी राहण्यात मला का न्हाई घेतलं?” सिद्धराममामांच्या फसवणुकीनं जे झालं नव्हतं, ते त्या एका वाक्यानं झालं. आपणही विश्वासघात केला, तोही कुणाचा, हे शिवांगीला तेव्हा कळलं. तिनं अप्पांचे पाय धरले. त्यांनी ते मागं घेतले नाहीत.

टेम्पो विकला गेला नाही. पुनमला तोच विषय शिकायचा होता. तिनं चौकशी करून नांदेडच्या एका अनुदानित महाविद्यालयात प्रवेश घेतला. तिथली वर्षाची फी लातूरच्या एका महिन्याच्या खर्चाइतकी आहे. शिवांगीनं लेखी अर्ज दिल्यावर कॉलेजनं फलकावरून तिचा फोटो उतरवला, पण दिलगिरीचा एक शब्द पाठवला नाही. मामांनी घरी येणं सोडलं. कर्ज अजून फिटायचं आहे. डब्यांची नोकरी सोडता आलेली नाही, पण अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या परीक्षेचा अभ्यास ती करते आहे. विनीता मॅडमच्या ओळखीतून आता अनोळखी मुलींचे फोन येतात, मुखेडहून, देवणीहून. ती प्रत्येकीला आपला आकडा सांगते.

बंधुभगिनींनो, मुलीला जरूर शिकवा, हव्या त्या विषयात शिकवा. पण जाहिरात वाचून नव्हे, आणि नातेवाइकाच्या भरवशावर तर मुळीच नव्हे. तिथून शिकून गेलेल्या दोघीतिघींना आधी भेटा आणि खरं काय ते विचारा. आणि ज्या शिकून गेल्या आहेत त्यांनी आपला पगार लपवू नये. कमी पगारात लाज वाटण्यासारखं काही नाही. आपल्या गप्प राहण्यानं दुसऱ्याची लेक त्याच खड्ड्यात पडते, लाज त्याची वाटावी.